एकशेपाच मैलांची घाई

बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब ओळीने नवी पोरं निवडतात त्यात, ८९ व्या नंबरला कोण गेलं हे एरवी त्या पोराचे आईवडील आणि त्याचा एजंट सोडून कुणी लक्षात ठेवत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये मात्र त्या नंबरवर लॉस एंजेलिस एंजल्सनी टेनेसी युनिव्हर्सिटीच्या बेन जॉयस नावाच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, उचललं आणि आमच्याकडे ऑफिसात, केस कापायच्या दुकानात, पोरांच्या ग्राउंडवर, जो तो त्याच्याबद्दलच बोलायला लागला, कारण एक तर त्याचं नॉक्सव्हिल इथून गाडीने तीन-साडेतीन तासांवर, आणि दुसरं म्हणजे एंजल्सची डबल-ए टीम, म्हणजे मायनर लीगमधली, मेजर लीगपासून दोन पायऱ्या खालची टीम, आमच्याच इथे आहे, त्यामुळे आज ना उद्या हा पोरगा इथे येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

इथे म्हणजे हंट्सव्हिल, अलाबामा. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ इथल्या नासाच्या मार्शल सेंटरच्या देखरेखीखाली तयार झालं, म्हणून हे रॉकेट सिटी, आणि त्याच कारणाने आमच्यासारखी बरीच देशी इंजिनिअर मंडळी इथे येऊन पडलीत. शेजारच्या मॅडिसनमध्ये टोयोटा फील्ड नावाचं छान छोटं स्टेडियम आहे, तिथल्या टीमचं नाव रॉकेट सिटी ट्रॅश पांडाज. ट्रॅश पांडा म्हणजे रकून, रात्री कचऱ्याचे डबे उचकणारा तो प्राणी. असल्या नावाच्या टीमची टोपी घालून आमच्यातले आयआयटीवाले लोक सुद्धा फिरतात, काय बोलायचं.

तर हा पोरगा एवढा गाजत का होता? १ मे २०२२ ला ऑबर्न युनिव्हर्सिटीविरुद्ध त्याने टाकलेला एक बॉल मोजला गेला १०५.५ मैल. आपल्या भाषेत ताशी १७० किलोमीटरच्या आसपास. कॉलेजच्या पोराने टाकलेला इतका वेगवान बॉल त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता, आणि मेजर लीगमध्येही याच्या पुढे तेव्हा फक्त अ‍ॅरोल्डिस चॅपमन, २०१० सालचा १०५.८. शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्ड कपमधला १६१.३ वाला बॉल आपल्याला तोंडपाठ असतो, पण ती तुलना करू नये खरं तर, तिथे कोपर सरळ ठेवायचं बंधन आणि इथे कोपर वाकवून, अख्खं अंग पिळून फेकायचं. बॅटर उभा साठ फूट सहा इंचांवर. बॉल हातातून सुटून त्याच्यापर्यंत यायला सेकंदाचे चार दशांश पण लागत नाहीत, आणि तेवढ्यात त्याने ठरवायचं की बॅट फिरवायची का नाही.

मी त्याला त्याच उन्हाळ्यात पाहिला. एंजल्सनी त्याला खालच्या पायऱ्या चढायला न लावता थेट डबल-एला पाठवला होता. साडेसहा फुटाला थोडा कमी, रुंद, आणि चेहरा मात्र एखाद्या फर्स्ट इयरच्या पोराचा. तो बुलपेनमधून, म्हणजे पिचर गरम होतात त्या कोपऱ्यातून, पळत आला की लोक हातातलं नाचोचं ताट खाली ठेवून स्कोअरबोर्डवरच्या आकड्याकडे बघायचे. १०१. १०२. परत १०२. बॅटर काय करतोय, स्कोअर काय आहे, याच्याशी कुणाला काही घेणंदेणं नाही. मला ते जरा खटकलं होतं तेव्हा, की माणसाला बघायला आलेत का मीटरला.

मिरजेहून बाबा आले होते त्या वर्षी. बाबांचा टेनिस बॉल क्रिकेटचा अनुभव दांडगा, त्यामुळे त्यांनी तिसऱ्या-चौथ्या इनिंगपर्यंत खेळ बऱ्यापैकी पकडला आणि मग विचारलं, "अरे, हा एवढा जोरात टाकतोय तर ह्याला शेवटाला कशाला आणलं? नवा बॉल ह्याच्याच हातात द्यायला पाहिजे की."

बरोबर प्रश्न आहे. क्रिकेटमध्ये सगळ्यात वेगवान माणूस सुरुवात करतो. बेसबॉलमध्ये जो सुरुवात करतो तो स्टार्टर, त्याने पाच-सहा इनिंग ओढायच्या असतात, तेच नऊ बॅटर त्याच्यासमोर दोनदा, कधी तिसऱ्यांदा येतात, त्यामुळे त्याच्याकडे तीन-चार प्रकारचे बॉल लागतात आणि ताकद राखून ठेवावी लागते. रिलीफ पिचर येतो एका इनिंगसाठी, पंधरा-वीस बॉल टाकायला, जे काय आहे ते सगळं ओतायचं आणि निघायचं. दोन प्रकारचे बॉल असले तरी चालतं. आणि गंमत अशी की मेजर लीगमधले बहुतेक रिलीव्हर हे कधीतरी स्टार्टर होते, जमलं नाही म्हणून मागे ढकललेले. मारियानो रिव्हेराचं उदाहरण घ्या, ६५२ सेव्ह, म्हणजे टीम पुढे असताना शेवटी येऊन सांभाळून दिलेल्या मॅच, हॉल ऑफ फेममध्ये शंभर टक्के मतं मिळालेला एकमेव माणूस, तो सुद्धा सुरुवातीला स्टार्टर म्हणूनच आला होता आणि त्यात काही खास करू शकला नव्हता.

म्हणून कॉलेजमध्येच जो रिलीव्हर आहे त्याच्याकडे स्काउट, म्हणजे क्लबसाठी पोरं हुडकणारे लोक, जरा तिरक्या नजरेने बघतात. ह्याला तिथेच स्टार्टर का नाही केलं? कोच आंधळा होता की ह्याच्यात काही कमी आहे? ह्या प्रश्नाचं उत्तर जॉयसच्या बाबतीत सोपं होतं: कोपर. शाळेत तो वेगवान वगैरे नव्हताच, मग उंची एकदम वाढली, वॉल्टर्स स्टेट नावाच्या छोट्या कम्युनिटी कॉलेजमध्ये गेला, तिथे वेग आला आणि वेगाबरोबर ऑपरेशनही आलं. २०२० मध्ये टॉमी जॉन सर्जरी. पुढचं अख्खं वर्ष टेनेसीत गेला पण खेळला नाही. मग २०२२ मध्ये त्याने एकूण ३२ आणि एक तृतीयांश इनिंग टाकल्या, म्हणजे ९७ आउट, आणि त्यातले ५३ स्ट्राईकआउट. म्हणजे आउट झालेल्यांतले अर्ध्याहून जास्त लोक बॉल मैदानात न मारताच परत गेले. त्या वर्षीची टेनेसीची टीम ५७ जिंकली आणि फक्त ९ हरली, आणि तरीही ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोचलीच नाही, घरच्या मैदानावर नोत्र दामकडून हरली. ते दुःख टेनेसीवाल्यांना विचारा, माझ्या ऑफिसच्या टीममधला एक जण आजही तो विषय निघाला की कॉफी घ्यायला उठून जातो.

आता बत्तीस इनिंग. एवढ्या भांडवलावर एंजल्सनी त्याला दहा लाख डॉलरच्या आसपास बोनस दिला. काय बघून दिला? तर तो आकडा बघून. आणि इथूनच माझ्या डोक्यात ते सुरू झालं जे अजून संपलेलं नाही, की अशा पोराचं भवितव्य म्हणजे नक्की काय. स्टार्टर पोरगा घेतला तर तुम्ही पाच वर्षांनंतरचा माणूस घेता, तो शिकेल, भरेल, नवा बॉल शोधेल. कॉलेजचा रिलीव्हर घेतला तर तुम्ही आजचा हात घेता. तो आहे तसाच सगळ्यात जास्त उपयोगी, उद्या तो एवढाच किंवा याहून कमी.

टॉमी जॉन सर्जरी म्हणजे काय हे इथल्या शाळकरी पोरांना पण माहीत असतं ही मला आधी थक्क करणारी गोष्ट वाटायची. कोपराच्या आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं, फेकताना सगळा ताण त्याच्यावर येतो आणि ते फाटतं. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात दुसरीकडची शीर, म्हणजे टेंडन, काढून बसवली. कुणाला फारशी आशा नव्हती, पण तो १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, ऑपरेशनआधी १२४ मॅच जिंकल्या होत्या आणि ऑपरेशननंतर १६४. तो टेंडन बऱ्याचदा मनगटाकडून घेतात. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा, मधोमध एक दोरी वर येते, तीच. काही लोकांना ती नसतेच आणि नसली तरी काही अडत नाही. हे सांगितल्यावर बाबा पार्किंगमध्ये उभं राहून दोन्ही हातांची तपासणी करत बसले होते, एका हाताला आहे, दुसऱ्याला नाही.

पण दुसऱ्यांदा फाटलं तर? आणि खांदा गेला तर? खांद्याचं तर कोपरासारखं खात्रीचं काहीच नाही. पिचर लोक म्हणतात कोपर परवडलं, खांदा नको.

मेजर लीगने २०२४ च्या डिसेंबरमध्ये पिचरच्या दुखापतींवर एक मोठा रिपोर्ट काढला, त्यात हेच, की जास्तीत जास्त वेगाच्या मागे लागल्यामुळे हात तुटतायत. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ९१.३ मैल होता तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. रिपोर्ट छान आहे, पण तो काढणारेच लोक ड्राफ्टच्या दिवशी ९१ वाल्याला विचारत नाहीत आणि १०१ वाल्याला चेक देतात, तर पोरांनी काय करायचं? नैतिक उपदेश पोरांना आणि पैसे वेगाला.

आता जुनी उदाहरणं बघू, कारण ड्राफ्ट झाला की मी रात्री जागून हेच करत बसतो, बायको म्हणते तुझ्या नात्यातलं कुणी आहे का त्यात.

ह्यूस्टन स्ट्रीट. टेक्सास युनिव्हर्सिटीचा क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर, २००४ चा ड्राफ्ट, ४० वा नंबर. वेग काही डोळे दिपवणारा नाही, पण बॉल जिथे हवा तिथे. दुसऱ्याच वर्षी ओकलंडकडून अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या पोरांतला सर्वोत्तम, आणि पुढे एकूण ३२४ सेव्ह. करियर संपली ती एंजल्सकडेच. म्हणजे कॉलेजचा रिलीव्हर घेऊन तो तसाच वापरला आणि सगळं सुरळीत झालं याचं हे उदाहरण, आणि अशी फार नाहीत.

चॅड कॉर्डेरो. कॅल स्टेट फुलर्टन, २००३, २० वा नंबर. जूनमध्ये निवडला आणि ऑगस्टमध्ये मेजर लीगमध्ये! २००५ मध्ये वॉशिंग्टनसाठी ४७ सेव्ह, त्या वर्षी अख्ख्या मेजर लीगमध्ये त्याच्याइतके कुणाचे नाहीत. वयाच्या पंचविशीपर्यंत १२८ सेव्ह झाले. मग खांदा. त्यानंतर एकही सेव्ह नाही. आकडा १२८ वर थांबला तो थांबलाच, म्हणजे जे काय होतं ते सगळं पाच सीझनमध्ये.

जोई डिव्हाइनची गोष्ट तर मी वाचली तेव्हा मला त्या माणसाला फोन करून विचारावंसं वाटलं की बाबा रे, झोपलास कसा. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा क्लोजर, २००५ मध्ये अटलांटाने २७ व्या नंबरला घेतला आणि त्याच ऑगस्टमध्ये वर आणला. पहिल्या मॅचमध्ये ग्रँड स्लॅम खाल्ला, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन. दुसऱ्या मॅचमध्ये परत ग्रँड स्लॅम. पहिल्या दोन्ही मॅचमध्ये ग्रँड स्लॅम दिलेला तो इतिहासातला पहिला पिचर. तरी ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध प्लेऑफच्या अठरा इनिंग चाललेल्या मॅचमध्ये बॉल त्याच्याच हातात आला आणि त्यावर ख्रिस बर्कने होमरन मारून अटलांटाचा सीझन संपवला. आता इथे गोष्ट संपायला पाहिजे ना? नाही. २००८ मध्ये ओकलंडकडून त्याचा ईआरए ०.५९. म्हणजे नऊ इनिंगमागे जेमतेम अर्धा रन. जवळजवळ कुणालाच हात लावू दिला नाही. मग कोपर, ऑपरेशन, परत कोपर, परत ऑपरेशन, संपलं.

ह्या तिघांना सगळे "घाईत आणलेले" म्हणतात. आणि प्रत्येक वेळी ड्राफ्टनंतर हीच चर्चा असते की पोराला घाई करू नका, खाली दोन वर्षं शिकू द्या, हळूहळू आणा. बाबांचं पण तेच. ते म्हणाले आंबा आढीतच पिकू द्यावा, बाहेर काढून सारखा दाबून बघितला की नासतो. शिवाय आपल्या घाटांमधल्या पाट्या, अति घाई संकटात नेई. आपण सगळे ते वाचत मोठे झालो.

मला मात्र जितकं वाचतोय तितकं उलट वाटतंय. ह्या एका प्रकारच्या पोराने घाईच करावी. स्टार्टरने थांबावं, बॅटरने थांबावं, शॉर्टस्टॉपने तर जरूर थांबावं, पण शंभर मैलांच्या वर टाकणाऱ्या कॉलेजच्या रिलीव्हरने अजिबात थांबू नये. हात झिजणार हे नक्की आहे, फक्त कुठे झिजणार एवढंच ठरवायचंय. आणि तो कुठे झिजतो यावर पैशाचा हिशोब कसा बदलतो ते बघा, मग बोलू.

मायनर लीगच्या पोरांची युनियन झाली आणि २०२३ पासून डबल-एचा पगार वर्षाला ३०,२५० डॉलर झाला, त्याआधी तर त्याहून वाईट होता. मेजर लीगचा किमान पगार २०२३ मध्ये ७,२०,००० डॉलर, मग ७,४०,०००, मग ७,६०,०००. बॉल तोच, साठ फूट सहा इंच तेच, लिगामेंट तेच. शिवाय मेजर लीगच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, असताना दुखापत झाली तर तुम्ही इंज्युअर्ड लिस्टवर जाता, घरी बसून फिजिओ करता, आणि पगार मेजर लीगचाच चालू राहतो, सर्व्हिस टाइम, म्हणजे मेजर लीगमधले दिवस, तोही मोजला जातो. ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागतो. तीन वर्षं भरली की पगारासाठी आर्बिट्रेशनला, म्हणजे लवादाकडे, जाता येतं, सहा भरली की मोकळे, वाटेल तिथे जा. आणि मॅडिसनमध्ये टाकताना तेच लिगामेंट तेवढ्याच आवाजात फाटलं तर? पगार मॅडिसनचा. मीटर सुरूच होत नाही.

बुलपेनमधले बॉल तर कुठल्याच हिशोबात येत नाहीत. फोन वाजतो, पोरगा उठतो, वीस-पंचवीस बॉल पूर्ण जोराने टाकून गरम होतो, तेवढ्यात मैदानात डबल प्ले होतो, म्हणजे एका फटक्यात दोघं आउट, आणि इनिंग संपते, कोच हात करतो, बस खाली. स्कोअरकार्डवर काही नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. स्टार्टरचा प्रत्येक बॉल मोजतात, शंभरच्या पुढे गेला तर टीव्हीवर आरडाओरडा, आणि ह्यांचे हे उठण्या-बसण्यातले बॉल कोण मोजणार. माझ्या पोराच्या लिटल लीगमध्ये दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ च्या वर बॉल टाकू देत नाहीत, ६६ झाले की चार दिवस विश्रांती सक्तीची, आणि एक आई किंवा बाप क्लिकर घेऊन बसलेला असतो. तिथेही वॉर्म-अपचे बॉल मोजत नाहीत बरं का.

उलट बाजूचं उदाहरण पण आहे, टायलर जे. इलिनॉय युनिव्हर्सिटीचा रिलीव्हर, २०१५ मध्ये मिनेसोटाने सहाव्या, हो, सहाव्या नंबरला घेतला. रिलीव्हर म्हणून सहावा नंबर परवडत नाही ना, मग त्याला स्टार्टर करायला घेतलं. हळूहळू, पद्धतशीर, सगळे म्हणतात तसं. दुखापती झाल्या, तब्येतीच्या दुसऱ्याच भानगडी निघाल्या, परत रिलीव्हर केला, ट्रेड झाला, बाहेर पडला, इंडिपेंडंट लीगमध्ये खेळला जिथे स्काउट पण सहसा फिरकत नाहीत. मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उभा राहिला तो एप्रिल २०२४ मध्ये मेट्सकडून, तिसावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना. माणूस म्हणून त्याला सलाम, खरंच, मी त्या दिवशी ऑफिसात फोनवर तो क्लिप बघून उगाचच खूश होतो. पण २०१५ मधला तो हात कुणीच वापरला नाही, ना क्लबने ना त्याने स्वतः.

आणि लोक म्हणतात घाईत रिलीव्हर केला की स्टार्टर व्हायची दारं बंद होतात, तर तेही खरं नाही. गॅरेट क्रोशे, हाही टेनेसीचाच, २०२० मध्ये व्हाइट सॉक्सने ११ व्या नंबरला घेतला. कोविडमुळे त्या वर्षी मायनर लीग झालीच नाही, तर सप्टेंबरमध्ये सरळ मेजर लीगमध्ये रिलीव्हर म्हणून उभा केला, मायनरमध्ये एकही मॅच न खेळता. मग २०२२ मध्ये टॉमी जॉन, ती रिकव्हरी मेजर लीगच्या पगारावर. २०२४ मध्ये स्टार्टर झाला, १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राईकआउट, बॉस्टनने ट्रेड करून घेतला आणि सहा वर्षांचे १७ कोटी डॉलर दिले. ख्रिस सेलचं त्याच्या दहा वर्षं आधी थोडंफार असंच झालं होतं, त्याच क्लबमध्ये.

माझ्या ह्या सगळ्या थिअरीत एकच भोक आहे आणि ते मोठं आहे. वॉक. चार बॉल स्ट्राईक झोनच्या बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. वेग असून उपयोग काय, वेग तर भिंतीवर मारून पण दाखवता येतो.

८ एप्रिल २०२३, टोयोटा फील्ड, समोर चॅटनुगा लुकआउट्स. डबलहेडर, म्हणजे एका दिवशी दोन मॅच, असल्यामुळे सातच इनिंगची मॅच. आमच्या कोलमन क्रो नावाच्या पोराने सहा इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही, ३-० ने पुढे, आणि सातवी संपवायला जॉयस. मी घरी भाकरी-पिठलं खात फोनवर बघत होतो, म्हटलं झालं, दहा मिनिटांत नो-हिटर, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. आणि जॉयसला झोनच सापडेना. एक वॉक, अजून वॉक, बेस भरले, त्याला काढला, पुढच्याने बॉल बॅटरच्या अंगावर घातले, त्यालाही फुकट बेस, मध्येच एक कॅच सुटला, आणि एकही हिट न देता सात रन गेले. आमचे शेवटी अजून दोनच झाले, मॅच हरलो ७-५ ने. नो-हिटर टाकून हरणं! दुसऱ्या दिवशी ही बातमी देशभर, ट्रॅश पांडाज हे नाव आयुष्यात न ऐकलेले लोक मला लिंक पाठवत होते.

आणि त्यानंतर दोन महिनेही व्हायच्या आत, २९ मे ला, एंजल्सनी त्याला वर बोलावला.

इथे क्लब कुठला हे फार महत्त्वाचं. एंजल्स २०१४ नंतर प्लेऑफमध्ये गेलेले नाहीत. त्यांचा स्टार ट्राउट म्हातारा होत चाललेला, दुसरा स्टार ओहतानी, त्याच्या करारातलं शेवटचं वर्ष, त्यामुळे त्यांची घाई ही त्या पोराच्या भल्यासाठी नव्हती, त्यांना स्वतःलाच आग लागलेली. २०२१ मध्ये तर ह्या लोकांनी ड्राफ्टमधले वीसच्या वीस नंबर पिचरवर लावले होते. निवडलेल्या काही पोरांना ते वर्षभरात वर नेतात, नोलन शॅन्युएल नावाच्या पोराला ४० दिवसांत नेलं होतं. अशा क्लबकडे जाणं हे बहुतेकांसाठी वाईट आणि जॉयससाठी, माझ्या हिशोबाने, नशीब. टॅम्पा बेच्या हुशार लोकांनी घेतला असता तर त्यांनी त्याला तीन वर्षं लॅबमध्ये कॅमेऱ्यांसमोर उभा केला असता, कदाचित वॉक कमी झाले असते, आणि कदाचित खांदा तिथेच गेला असता.

वर गेल्यावर काय झालं ते थोडक्यात. २०२३ मध्ये जूनमध्येच कोपराजवळची नस दुखायला लागली, सप्टेंबरपर्यंत बाहेर, जेमतेम दहा इनिंग. इंज्युअर्ड लिस्टवर होता पण मेजर लीगच्या. २०२४ मध्ये परत आमच्याकडे आला थोडे दिवस, आणि बघणाऱ्याला कळत होतं की काहीतरी बदललंय, प्रत्येक बॉल शेवटचा असल्यासारखा टाकत नव्हता. वेगातलं थोडं सोडलं आणि झोन सापडला. मग वर जाऊन ३४ आणि दोन तृतीयांश इनिंग, ईआरए २.०८. जुलैत क्लोजर एस्तेवेझला ट्रेड केल्यावर शेवटची इनिंग बऱ्याचदा ह्याचीच. ३ सप्टेंबर २०२४ ला डॉजर्सविरुद्ध टॉमी एडमनला स्ट्राईकआउट केला तो बॉल मोजला १०५.५. अगदी कॉलेजमधला तोच आकडा. मोजायला लागल्यापासून स्ट्राईकआउटचा एवढा वेगवान बॉल कुणाचाच नाही.

आठवडाभरात खांदा सुजला. सीझन संपला. २०२५ मध्ये एप्रिलमध्ये परत खांदा, मे मध्ये ऑपरेशन.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले बघ, सांगत होतो ना. मी म्हटलं बाबा, हे खांद्याचं मॅडिसनमध्ये झालं असतं तर बरं झालं असतं का? ते म्हणाले तसं नाही रे, पण पोराला जपायला पाहिजे होतं. कसं जपणार हे मला खरंच कळत नाही. कमी टाकायला लावायचं? पहिल्या अडीच वर्षांत मेजर लीगमध्ये त्याने पन्नास इनिंग पण टाकल्या नाहीत. हळू टाकायला लावायचं? मग त्याला कुणी घेतलंच नसतं, आणि तो आज नॉक्सव्हिलमध्ये दुसरं काहीतरी करत असता, खांदा शाबूत. ते वाईट आहे असं नाही. पण ते त्याला विचारायला पाहिजे, आणि तो काय म्हणेल ते मला जवळपास माहीत आहे.

दर जुलैला आता मी यादीत हेच बघतो. वीस राउंडमध्ये सहाशेच्या वर पोरं जातात, त्यातले कॉलेजचे रिलीव्हर हुडकून काढतो. आधी वॉक किती, नऊ इनिंगमागे पाचच्या वर असतील तर पुढे वाचत नाही. मग कोपराचं ऑपरेशन झालंय का, आणि झालं असेल तर कधी. मग क्लब. क्लब जर घाईतला असेल, मॅनेजरची नोकरी धोक्यात असेल, मालक म्हातारा असेल, तर बरं वाटतं.

बाबांचा प्रश्न वेगळाच असतो. कुठलंही नाव सांगा, वेग सांगा, बोनस सांगा, ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "डिग्री पूर्ण केली का त्याने?" बहुतेकांनी केलेली नसते, तिसऱ्या वर्षानंतरच उचलतात. पण करारात बऱ्याच जणांना एक कलम घालून मिळतं, खेळ संपल्यावर राहिलेल्या सेमिस्टरची फी क्लबने भरायची, फक्त खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत कॉलेजात परत नाव घालायला पाहिजे. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, मग ठीक आहे, आणि आईला हाक मारून तिलाही सांगितलं.